मणक्याचे दुखणे : थांबायचे कधी, धावायचे कधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मणक्याच्या दुखण्याबद्दल लोकांपर्यंत दोन प्रकारचा मजकूर पोहोचतो. एक जाहिरातींचा : ‘मणक्यातील गॅप भरून मिळेल’, ‘सात दिवसांत सायटिका बंद’, ‘विनाटाका लेझर’. दुसरा भीती घालणारा : मणक्याला हात लावला की माणूस कायमचा खाटेला खिळतो. दोन्ही वाचून रुग्ण चुकीच्या वेळी चुकीच्या दारात उभा राहतो. सहा आठवडे थांबून जो बरा झाला असता तो स्क्रू बसवून घेतो, आणि ज्याच्या हातात जेमतेम एक रात्र असते तो शेक घेत पडून राहतो. आम्ही मणक्याच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट आहोत. कोणत्या दुखण्यात थांबणे सुरक्षित आहे आणि कोणत्या नाही, हे तपशिलाने मांडायचे असल्याने पत्र लांबले आहे. शक्य तर ते न कापता छापावे, ही विनंती.

मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५ असे मणके, त्याखाली त्रिकास्थी आणि माकडहाड. मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे असते आणि आत पाणीदार गर. तरुणपणापासूनच या गरातले पाणी हळूहळू कमी होत जाते, गादी चपटी होते आणि एक्स-रेत दोन मणक्यांमधली जागा अरुंद दिसते. हाच तो ‘गॅप’. तेल, पट्टा किंवा यंत्राने ती जागा पूर्वीसारखी होत नाही, आणि दुखणे थांबण्यासाठी तशी गरजही नसते. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. गादीचा फुगवटा विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के लोकांत होता. हे सारे न दुखणारे लोक. म्हणून एमआरआयच्या अहवालात ‘एल-४ एल-५ बल्ज, नसेवर दाब’ (म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीचा फुगवटा) असे लिहिले आहे, एवढ्यावरून दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. दुखणे कोणत्या रेषेत उतरते, कोणता स्नायू कमजोर आहे, कुठे बधिर आहे, आणि हे सगळे अहवालातल्या त्याच जागेशी जुळते का, हे हाताने तपासूनच कळते. ज्या तपासणीत रुग्णाला बूट-मोजे काढायला सांगितले नाहीत, ती कमरेची तपासणी झालीच नाही, असे आमचे मत आहे.

कंबर दुखते म्हणून येणाऱ्या शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणांत एकच एक ठरावीक कारण दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, अस्थिबंध, गादी या सगळ्यांचा त्यात थोडाथोडा वाटा असतो. उसण भरते, वाकता येत नाही, कूस बदलताना जीव कासावीस होतो. पण पायात ताकद असते, लघवी-शौच ठीक असते, ताप नसतो. हे दुखणे बहुतेकांचे सहा आठवड्यांच्या आत उतरते. त्याला पहिल्या दिवशी एमआरआय लागत नाही. पूर्ण अंथरूण धरणे एक-दोन दिवसांवर जाऊ नये. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या चाचणीत दोन दिवस अंथरुणावर राहणारे, व्यायाम दिलेले आणि झेपेल तेवढे रोजचे काम चालू ठेवणारे असे तीन गट केले होते. सगळ्यांत लवकर सावरले ते रोजचे काम चालू ठेवणारे. घरातल्या घरात दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटे चालावे, एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये आणि उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्यावी. लाकडी फळीवर किंवा जमिनीवरच झोपण्याचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. जुन्या कंबरदुखीत कडक गादीपेक्षा मध्यम टणक गादी बरी, असे स्पेनमधल्या २००३ च्या चाचणीत दिसले आहे. पहिल्या आठवड्यात जमिनीवर मांडी घालणे आणि उकिडवे बसून शौचाला जाणे टाळले, तर फरक जाणवतो. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

औषधांबद्दल सांगितले पाहिजे, कारण ती मेडिकल दुकानातून चिठ्ठीविना घेतली जातात. नुसत्या पॅरासिटामॉलने ताजी कंबरदुखी लवकर बरी होत नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या मोठ्या चाचणीत दिसले. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्यांचा थोडा उपयोग होतो. पण त्या जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत आणि पाच-सात दिवसच घ्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार, जुना अल्सर, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही विचारून घ्याव्यात. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखीबरोबर पाठ दुखत असेल तर आधी डेंग्यू नाही याची खात्री करावी. डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पुडीत बांधून मिळणाऱ्या ‘गावठी’ भुकटीने दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडला, तर त्यात स्टिरॉइड मिसळल्याचा संशय धरावा. काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेतल्यावर ती एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. अशी पुडी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवूनच हळूहळू थांबवावी.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची किंवा घरातल्या पोराला पाठीवर चालायला लावण्याची रीत अजून आहे. धडधाकट तरुणाचे त्यात बहुधा काही बिघडत नाही, आणि उसण मुळातच उतरणारी असल्यामुळे श्रेय लाथेला जाते. पण पासष्ट वर्षांच्या बाईचे ठिसूळ हाड किंवा क्षयाने पोखरलेला मणका त्याच लाथेने चेपतो. सलूनमध्ये मान मोडून घेण्याची सवय तर मोडूनच टाकावी. झटका देऊन मान फिरवताना मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

आता गादी सरकण्याविषयी. बाहेरचे कडे फाटून आतला गर मागे येतो आणि शेजारच्या नसेच्या मुळाला चिकटतो. तिथे दाबाइतकाच दाहही असतो, म्हणून दुखणे इतके तीव्र होते. कमरेतल्या सरकलेल्या गाद्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शेवटच्या दोन ठिकाणी असतात : चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये, आणि पाचवा मणका व त्रिकास्थीमध्ये. खूण अशी की कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो, कळ गुडघ्याखाली उतरते, आणि खोकताना, शिंकताना किंवा कुंथताना पायात वीज गेल्यासारखे होते. हीच सायटिका. एल-५, म्हणजे कमरेतली पाचवी नस, दबली तर पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे मुंग्या येतात आणि अंगठा वर उचलताना कमजोरी जाणवते. एस-१, म्हणजे त्रिकास्थीतली पहिली नस, दबली तर पावलाची बाहेरची कड बधिर होते आणि चवड्यावर उभे राहता येत नाही. घरी रोज एकदा पाहावे : टाचांवर दहा पावले चालता येते का, आणि भिंतीचा आधार घेऊन एकेका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उठता येते का. काल जमत होते आणि आज जमत नाही, किंवा चालताना पाऊल फटफट आपटते आहे, तर एक-दोन दिवसांत मणक्याच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे.

कमजोरी नसेल, तर मात्र बाहेर आलेला गर शरीर स्वतः विरघळवते, हे फार थोड्या रुग्णांना सांगितले जाते. पांढऱ्या पेशी तो परका समजून हळूहळू खाऊन टाकतात. आश्चर्य वाटेल, पण सुटून पडलेला मोठा तुकडा साध्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा आणि जास्त पूर्णपणे नाहीसा होतो, कारण त्याच्यापर्यंत रक्तपुरवठा पोहोचतो. म्हणजे अहवालातला ‘मोठा’ हा शब्द वाचून त्याच आठवड्यात टेबलावर जाण्याची घाई नको. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांचे पायदुखणे बरेच उतरते.

या काळात व्यायाम करताना एकच नियम पाळावा. पोटावर पडून कोपरांवर छाती उचलणे, मग जमल्यास हात सरळ करून उचलणे, दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. असे केल्यावर कळ पोटरीतून मांडीकडे आणि मांडीतून कमरेकडे वर सरकत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी व्यायाम योग्य आहे. कळ खाली पावलाकडे उतरत असेल, तर तो त्या रुग्णासाठी चुकीचा आहे. थांबावे आणि फिजिओथेरपिस्टकडून दिशा ठरवून घ्यावी. वजने लावून ताण देण्याचा, म्हणजे ट्रॅक्शनचा, सायटिकात ठोस फायदा अभ्यासांतून दिसलेला नाही. त्यासाठी दहा दिवस दवाखान्यात भरती होऊन पैसे घालवू नयेत. कमरेचा पट्टा प्रवासात किंवा पहिल्या काही दिवसांत आधार देतो. तो महिनोन्महिने दिवसभर बांधून ठेवला तर स्नायूंना काम न करण्याची सवय लागते. प्रीगाबालिन आपल्याकडे सायटिकाच्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत असते. २०१७ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत आठ आठवड्यांनी पायाच्या दुखण्यात ती लुटुपुटूच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, आणि चक्कर मात्र जास्त जणांना आली. म्हाताऱ्या माणसांत त्या चकरेने पडून खुब्याचे हाड मोडते. चालू असेल तर एकदम बंद करू नये, मात्रा कमी करत थांबवावी.

दुखणे झोपू देत नसेल तर नसेच्या मुळाशी स्टिरॉइडचे इंजेक्शन हा मधला मार्ग आहे. ते एक्स-रे यंत्राखाली, सुईची जागा पडद्यावर पाहूनच द्यायला हवे. आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. गर विरघळेपर्यंतचा काळ काढून देणे एवढेच त्याचे काम. मधुमेहींची साखर नंतर आठवडा-दोन आठवडे चढू शकते, तेव्हा रोज तपासावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगितलीच पाहिजे.

शस्त्रक्रिया कधी? वाढती कमजोरी असेल तेव्हा, किंवा सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही पाय दुखून माणूस कामातून गेला असेल आणि एमआरआय तपासणीशी जुळत असेल तेव्हा. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेली २००७ ची चाचणी या बाबतीत फार उपयोगी आहे. दीड ते तीन महिने सायटिका असलेल्यांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना थांबवले. ज्यांना थांबवले त्यांतल्या ३९ टक्क्यांना पुढे वर्षभरात शस्त्रक्रिया लागली. लवकर केलेल्यांचे दुखणे लवकर गेले, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. याचा अर्थ, कमजोरी नसताना निवड रुग्णाची आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याला तीन महिने थांबणे परवडत नाही आणि तो लवकर शस्त्रक्रिया मागतो, हेही तितकेच योग्य. दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून सूक्ष्मदर्शकाखाली बाहेर आलेला तुकडाच काढतात, सगळी गादी नव्हे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. पायाची कळ लगेच जाते, बधिरपणा जायला महिने लागतात, आणि कमजोरी पूर्ण भरून येईलच असे नाही. कंबरदुखी थोडी राहू शकते. ही शस्त्रक्रिया पायासाठी असते. शंभरातल्या पाच ते दहा जणांत त्याच जागी पुन्हा गर बाहेर येतो. नंतर जखमेतून पाणी येणे, ताप येणे, किंवा उठून बसले की डोके ठणकणे आणि आडवे झाले की थांबणे, असे काही झाले तर रुग्णालयात त्याच दिवशी कळवावे.

यात एक प्रकार असा आहे की तिथे आठवड्यांची भाषा चालत नाही. मणक्यांच्या नळीतून येणारा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली नसांचा जुडगा असतो. मोठा तुकडा मधोमध बाहेर आला की हा सगळा जुडगाच चेपतो. दोन्ही पायांत कळा किंवा कमजोरी येते. शौचाची जागा, जननेंद्रिये आणि मांड्यांची आतली बाजू, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग, बधिर होतो. शौचानंतर धुताना हाताचा स्पर्श कळत नाही. लघवी तुंबते, आणि संवेदना गेल्यामुळे ती तुंबल्याचे दुखतही नाही. मग नकळत थेंब थेंब गळते. घरचे म्हणतात प्रोस्टेट असेल, गोळ्यांमुळे बद्धकोष्ठ झाले असेल. थांबू नये. त्याच रात्री, जिथे एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतात अशाच रुग्णालयात जावे. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात २०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरली, तर संशय बळावतो. सोनोग्राफीत हे पाच मिनिटांत कळते. दाब शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत काढावा असे मानले जाते. उशीर झाला तर पाय सुधारले तरी लघवीची नळी जन्मभराची होऊ शकते.

साठीनंतरचे दुखणे वेगळे. मणक्याच्या नळीभोवतीची हाडे आणि अस्थिबंध जाड होऊन नळी अरुंद होते. बसल्यावर काही नाही. दहा मिनिटे चालले की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, पाय शिशाचे होतात, आणि खाली बसले किंवा कठड्यावर वाकून टेकले की दोन मिनिटांत मोकळे होतात. सायकल चालवता येते, चालता येत नाही, असे सांगणारे आजोबा बहुधा याच आजाराचे असतात, कारण वाकल्यावर नळी थोडी रुंद होते. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटरी दुखते, पण तिथे नुसते उभे राहिले तरी आराम पडतो. मणक्यात बसावे किंवा वाकावे लागते. तंबाखू ओढणाऱ्या आणि मधुमेही रुग्णाच्या पावलावरची नाडी हाताने तपासल्याशिवाय मणक्याची शस्त्रक्रिया ठरवू नये. या आजारात वर सांगितलेला छाती उचलण्याचा व्यायाम उलटा पडतो. गुडघे छातीशी घेणे आणि स्थिर सायकल चालते. मोबाइलवर पाहून केलेला व्यायाम एकाला लाभतो आणि दुसऱ्याला बाधतो, तो यामुळेच.

इथेच स्क्रूचा प्रश्न येतो. नळी मोकळी करणे ही एक शस्त्रक्रिया, आणि त्याबरोबर स्क्रू-सळ्या घालून मणके जोडणे ही दुसरी, मोठी, जास्त रक्तस्रावाची आणि जास्त खर्चाची. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवरच्या २०१६ च्या चाचणीत, जोडणी केलेल्यांची स्थिती दोन वर्षांनी नुसती नळी मोकळी केलेल्यांपेक्षा चांगली निघाली नाही. मणका थोडा पुढे घसरलेला असला तरी जोडणीविना काम भागते, हे नॉर्वेतल्या २०२१ च्या चाचणीत दिसले. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात जोडणीला थोडे झुकते माप मिळाले, म्हणजे वाद पूर्ण मिटलेला नाही. पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणका हलताना दिसणे, मोठी घसरण, बाक, अस्थिभंग, जंतुसंसर्ग, गाठ यांत जोडणी लागतेच. पण नुसत्या ‘गॅप’साठी, पायात काही नसताना, दोन-तीन मणके जोडायला कोणी सांगत असेल तर दुसरे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये. तंबाखू आणि विडी चालू असेल तर हाड जुळत नाही आणि स्क्रू सैल होतो. सोडायची ती शस्त्रक्रियेच्या आधी.

मानेकडे वळताना आधी एक सूचना. डावा हात आणि मान दुखते आहे, घाम येतो, छातीत दडपण आहे, तर मणक्याचा विचार नंतर, आधी ईसीजी. मानेतली नस दबली तर कळ हातात उतरते : अंगठ्याकडे गेली तर बहुधा सी-६ (मानेतली सहावी नस), मधल्या बोटाकडे गेली तर सी-७ (सातवी). हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते. हेही बहुतेकांचे सहा ते बारा आठवड्यांत उतरते. पट्टा थोडे दिवसच घालावा. जे नजरेतून सुटून जाते ते वेगळेच आहे : मानेत खुद्द मज्जारज्जू दबणे. त्यात मान फारशी दुखतही नाही. शर्टाची बटणे लागत नाहीत, भाताचा घास नीट धरता येत नाही, अक्षर बिघडते, जिना उतरताना पाय अडखळतात, अंधारात तोल जातो. घरचे म्हणतात वय झाले. एक सोपी परीक्षा : हाताची मूठ वळायची आणि पूर्ण उघडायची, दहा सेकंदांत वीसेक वेळा जमायला हवे. त्याहून बरेच कमी जमत असेल आणि चालही बिघडली असेल, तर मानेचा एमआरआय हवा. मज्जारज्जूचे गेलेले काम पूर्ण परत येईलच असे नाही. शस्त्रक्रिया मुख्यतः पुढची घसरण थांबवते, म्हणून इथे वाट पाहणे महाग पडते.

आपल्याकडे मणक्याचा क्षय विसरून चालत नाही. हाडांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा मणक्यात असतो. खोकला नसतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. पाठीत एका ठरावीक जागी दुखते, रात्री वाढते, आराम करूनही जात नाही, संध्याकाळी कणकण, भूक कमी, वजन उतरते. साधा एक्स-रे सुरुवातीचे काही आठवडे नॉर्मल येतो. एमआरआयमध्ये दोन शेजारचे मणके आणि मधली गादी धरलेली दिसते, भोवती पू असतो. तपासणी शक्य तर पूर्ण मणक्याची करावी, कारण दुसऱ्या जागीही रोग लपलेला असतो. सुईने तुकडा काढून सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणे) केल्याशिवाय औषधे सुरू करू नयेत, असा आग्रह रुग्णानेही धरावा. औषधाला न जुमानणारा क्षय असेल तर तो तिथेच कळतो. नाहीतर वर्ष फुकट जाते. राष्ट्रीय कार्यक्रमात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढे किमान दहा महिने तीन औषधे, गरजेप्रमाणे आणखी, अशी मोफत मिळतात. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी नोंद करता येते, आणि पोषणासाठी महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. लघवी नारिंगी होणे निरुपद्रवी आहे. पण मळमळून जेवण न जाणे, डोळे पिवळे होणे, किंवा लाल-हिरवा रंग ओळखताना घोटाळा होणे यांत त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तीन महिन्यांत दुखणे थांबते आणि लोक गोळ्या सोडतात. मणका मग सहा महिन्यांनी कोसळतो, कुबड येते, पाय जातात. बहुसंख्य रुग्ण औषधांनीच बरे होतात. वाढती कमजोरी, मणका ढासळणे किंवा बाक वाढणे यांत शस्त्रक्रिया लागते.

साठीपुढच्या बाईने पाण्याची बादली उचलली, किंवा नुसती खाली बसताना आपटली, आणि पाठीच्या मध्यावर अचानक कळ आली, तर ती उसण समजू नये. ठिसूळ मणका चेपला असण्याची शक्यता मोठी, बहुधा छाती आणि कंबर जुळतात तिथे. बहुतेक चेपलेले मणके सहा ते बारा आठवड्यांत भरतात. मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराचा सरसकट फायदा २००९ च्या दोन चाचण्यांत दिसला नाही. कळ महिनाभर हटतच नसेल तेव्हा निवडक रुग्णांत त्याचा विचार होतो. खरे काम हाडे घट्ट करण्याचे आहे, आणि तेच राहून जाते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल, किंवा मणका आपोआप चेपलाच असेल, तर औषध सुरू व्हायला हवे. हाडे घट्ट करणाऱ्या अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि चहाही नाही. नाहीतर अन्ननलिका भाजते किंवा गोळी अंगी लागत नाही. कॅल्शियम दुसऱ्या वेळी. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी आठ आठवड्यांनंतर वर्षानुवर्षे चालू ठेवणारे रुग्ण आहेत. त्याने रक्तातले कॅल्शियम चढून मूत्रपिंड बिघडते.

तरुणांसाठी एक ओळ : चाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांवर गेलेली, पहाटे जागे करणारी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणारी आणि आरामाने वाढून हालचालीने कमी होणारी कंबरदुखी हा संधिवाताचा प्रकार असू शकतो. मध्येच डोळा लाल होऊन दुखला असेल तर संशय आणखी पक्का. त्याला मणक्याचा सर्जन नव्हे, संधिवाततज्ज्ञ लागतो.

पुन्हा दुखू नये म्हणून काय करावे, याचे उत्तर आता बरेच ठाम आहे. ऑस्ट्रेलियातील २०२४ च्या चाचणीत कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना टप्प्याटप्प्याने चालणे वाढवायला शिकवले. उद्दिष्ट सहा महिन्यांत आठवड्याला पाच वेळा अर्धा तास. चालणाऱ्या गटात दुखणे परतण्याचा मध्यक काळ २०८ दिवस होता, न चालणाऱ्यांत ११२. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, तो उचलू नये, कडेवर तिरका करून फिरवावा. हंडा-कळशी दोन खेपांत आणावी. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या ऊसतोड कामगाराला मात्र ‘वजन उचलू नका’ हा सल्ला देणे म्हणजे काम सोडा सांगणे आहे. तिथे मोळीचे वजन आणि चढण्याची सोय यांचा विचार कारखान्यांनी आणि मुकादमांनी करायला हवा.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी हे विचारावे आणि उत्तरे लिहून घ्यावीत : कोणती नस दबली आहे आणि माझ्या तपासणीत ती कशी दिसली? शस्त्रक्रियेने पाय बरा होणार की कंबर? न केल्यास तीन महिन्यांत काय होईल? जोडणी करणार असाल तर ती नेमकी कशासाठी? स्क्रूचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया आणि हे रुग्णालय दोन्ही बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्यापूर्वी तपासावे. दुसऱ्या मताला जाताना नुसता छापील अहवाल नको. एमआरआयची फिल्म किंवा सीडी, आणि चालू औषधांची यादी न्यावी.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. आरोग्य पुरवणीत दर महिन्याला एकदा छोट्या चौकटीत ही लक्षणे छापावीत : लघवी तुंबणे, शौचाच्या जागेचा बधिरपणा, पाऊल लुळे पडणे, हातांनी शर्टाची बटणे न लागणे, पाठदुखीबरोबर ताप आणि वजन उतरणे. आणि मणक्याच्या उपचारांची जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने उपचार करणाऱ्याची पदवी व संबंधित परिषदेचा नोंदणी क्रमांक मागून घेऊन तो जाहिरातीतच छापावा.

आपले,
मणक्याच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट